मल्हार मिस्त्रीचा धसका

मल्हारइतका भित्रा ओव्हन मिस्त्री सांगली भागात दुसरा सापडायचा नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगत आलो आहे. मी धनाजी सुतार. मोठ्या बंगल्यांत हल्ली ओव्हन भिंतीतल्या कपाटात बसवतात. तो बाहेर ओढून काढायचा आणि परत बसवायचा हे माझं काम, त्याचं पोट उघडून दोष शोधायचा हे मल्हारचं. मल्हार जतकडचा, धनगराच्या घरातला. त्याचा बाप माळावर काठी घेऊन लांडग्यामागे धावायचा आणि हा पठ्ठ्या दूध तापवायच्या डब्याला घाबरतो! "तुझ्या बापाची मेंढरं तुझ्यापरास धीट असतील रं," असं मी चिडवायचो.

तो हसायचा नाही. "मेंढरांनी अर्जुना मिस्त्रीला बघितलं न्हाई गड्या," एवढंच म्हणायचा.

अर्जुना मिस्त्री लोणंदचे, त्याचे उस्ताद. ओव्हनच्या आत कपॅसिटर नावाची एक डबी असते. वीज तोडली तरी ती थोडी वीज पोटात धरून बसते. एका दुपारी उस्तादांनी प्लग काढला, चहा गार होतोय म्हणून घाई केली आणि आत हात घातला. मल्हारने त्यांना उचललं तेव्हा जीव गेलेला होता आणि तो काढलेला प्लग शेजारीच पडला होता. तेव्हापासून याने जो धसका घेतला तो घेतलाच. पायाखाली रबराची चटई. डावा हात कायम पाठीमागे, वीज या हातातून त्या हातात काळजातून जाऊ नये म्हणून. मेन स्विचपाशी घरातलं एक जबाबदार माणूस उभं. आणि हात एकदा बाहेर आला की मीटर लावून वीज नाही ना हे बघितल्याशिवाय परत आत जाणार नाही, मग तो शिंकायला का बाहेर काढलेला असेना. तासाभराच्या कामाला अर्धा दिवस! माझा जीव नुसता मेटाकुटीला यायचा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही माधवनगरच्या बाजूला सुभेदार लालासाहेबांकडे गेलो. त्यांच्या मुलाने, विश्वजितने, हौसेने ओव्हन बसवून घेतलेला. कन्व्हेक्शनवर, म्हणजे गरम हवेवर, केक झकास फुगायचा, पण मायक्रोवेव्ह लावला की नुसती घरघर, दूध गारच्या गार. बोर्डावरचं कोणतं बटण ओव्हनचं, ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मल्हारने सगळ्या घराचा मेन पाडला, इन्व्हर्टरही बंद करायला लावला.

"सुभेदारसाहेब, तुमी हितनं हलायचं न्हाई. मी हाक मारल्याबिगर कुणालाबी बटणाला हात लावू द्यायचा न्हाई."

"अरे, बर्फात रात्र रात्र ड्यूटी दिलीय आमी," मिशीवरून हात फिरवत साहेब म्हणाले. "हितं चिमणी फिरकायची न्हाई." आणि खरोखरच ते बोर्डापाशी ताठ उभे राहिले.

मी ओव्हन ओढून टेबलावर घेतला. मल्हारने पत्रा काढला, मीटर लावला. वीज नव्हती. कपॅसिटर रिकामा केला. ठिणगी उडाली नाही, तरी पुन्हा केला. बॅटरीच्या उजेडात त्याच्या कपाळावरून घाम गळत होता, थंडीच्या दिवसांत. त्याचा श्वास ऐकून मलाही कसंसंच व्हायला लागलं. भीती खरजेसारखी असते, शेजारी बसलं तरी लागते. दूध तापवणाऱ्या लहरी सोडणारा मॅग्नेट्रॉन ठीक निघाला, कपॅसिटरही ठीक. डायोडला मात्र मीटर दोन्ही बाजूंनी वाजला.

"एका बाजूनं अडवायचं याचं काम," मल्हार पुटपुटला. "ह्यो दोन्हीकडनं वाट देतोय. ह्योच गेलाय."

दोष सापडला, सुटलो असं मला वाटलं. आता भिंतीतून आलेल्या वायरा सोडवायच्या, ओव्हन फरशीवर घ्यायचा आणि नवा डायोड घालायचा. वायरांवरचं झाकण निघालं, तांब्याची टोकं उघडी पडली आणि मल्हारच्या हातून स्क्रू निसटला. तो वाकला, स्क्रू उचलला आणि परत मीटर शोधायला लागला.

"आत्ताच तर बघितलंस की मर्दा! अंधार पडाया लागलाय. सरक, मी सोडवतो."

"थांब. हात भाईर आला व्हता."

मी कशाला थांबतोय? त्याने मीटरच्या सुया टेकवल्या आणि मी वैतागून हात पुढे केला.

स्वयंपाकघरात लख्ख उजेड पडला. फ्रीज हादरून सुरू झाला. मीटरवर दोनशे तीसच्या पुढचा आकडा थरथरत होता आणि माझी बोटं त्या तांब्यापासून वीतभर लांब होती. मला हात मागे घेता येईना. भीतीने माणूस पळतो म्हणतात. साफ खोटं आहे. मल्हारने माझं मनगट धरून हात मागे ओढला.

बाहेर साहेबांची किंकाळी ऐकू आली, "आई गं!" आणि उजेड गेला.

मग ते दारात येऊन उभे राहिले. "आई देवघरातनं म्हणाली, लाला, तिन्हीसांजा झाल्या, दिवं लाव," ते म्हणाले. "जन्मात तिला दुसऱ्यांदा सांगाया लावलं न्हाई. हात आपोआप वर गेला रं मल्हार. माजा मलाच कळला न्हाई." एवढा सैन्यातला माणूस, चौकटीला टेकून लहान पोरासारखा रडत होता.

मल्हार गुडघ्यांवर बसला आणि कपाळ फरशीला लावून तसाच राहिला.

तेवढ्यात अंबूबाई, साहेबांची आई, निरांजन घेऊन सावकाश आत आल्या. नव्वदीच्या पुढची बाई, कानाने कमी. "पुन्यांदा लाईट गेली का रं? सांजंला घरात अंधार असू ने," असं म्हणत त्यांनी ज्योत पुढे धरली. पायापाशी वाकलेला माणूस दिसला तेव्हा त्यांना वाटलं, हा पोरगा दिव्याच्या वेळी आपल्या पाया पडतोय.

साहेब काही बोलायला गेले. मी मानेनेच नको म्हटलं.

म्हातारीने मल्हारच्या डोक्यावर हात ठेवला. "औक्षवंत हो बाळा. शंभर वर्सं जग."

मल्हारने तिचे पाय घट्ट धरले आणि किती तरी वेळ सोडलेच नाहीत.