प्रॉम्प्टरच्या लेकीचे रसायनशास्त्र

नाटक कंपनीत त्यांना सगळे कुजबुजे म्हणत. खरे आडनाव दुसरेच होते, पण विंगेतल्या स्टुलावर बसून नटांना अडलेले वाक्य सांगण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला दुसरे काय म्हणणार? प्रॉम्प्टर हा प्राणीच असा, की त्याने काम चोख केले तर तो होता हे कोणाला कळत नाही, आणि चुकला तर पहिल्या रांगेपासून बाल्कनीपर्यंत सगळ्यांना कळते. कुजबुजे चुकत नसत. त्यांचा आवाज विंगेतून निघाला की ज्याच्यासाठी निघाला त्याच्याच कानात जाई. शेजारी उभ्या असलेल्या नटीलाही तो ऐकू येत नसे.

पण त्यांची खरी करामत आवाजात नव्हती. नट अडणार हे त्यांना नटाच्या आधी कळायचे. कंपनीचा नायक अडण्यापूर्वी कोटाच्या बटणाशी चाळा करी. म्हातारीचे काम करणारी बाई श्वास अर्धवट सोडी. हात बटणाकडे जातो न जातो तोच कुजबुजे पुढच्या वाक्याचा पहिला शब्द त्याच्याकडे सरकवीत. "माझ्या प्रयोगात खड्डा पडत नाही," एवढीच काय ती बढाई ते मारत. खड्डा म्हणजे रंगमंचावरची नको असलेली शांतता. ती त्यांना कुठेच सोसत नसे. घरीसुद्धा कोणी बोलता बोलता थांबले की ते वाक्य पुरे करून टाकीत. बायको म्हणायची, "अहो, मी थांबले होते. अडले नव्हते."

बायको बस डेपोच्या खिडकीत बसून पास देई. दिवसभर रांगेतल्या माणसांची गाऱ्हाणी ऐकून तिचा चेहरा असा तयार झाला होता, की त्यावरून काही म्हणता काही कळू नये. दोघांची एकुलती एक लेक म्हणजे ठमी. हे घरातले नाव. शाळेत दुसरे होते, पण आपल्याला त्याचे काम नाही.

ठमीला पाणी तपासायचे होते. शाळेने एकदा मुलांना पाणीपुरवठ्याची प्रयोगशाळा दाखवायला नेले, तेव्हा तिथे पांढऱ्या कोटातली एक बाई काचेच्या नळीत थेंब थेंब औषध सोडत होती. पाण्याचा रंग बदलला, तिने नोंद केली आणि शांतपणे दुसरी नळी उचलली. ठमी घरी आली ती हेच काम करायचे ठरवून. त्यासाठी पुढच्या वर्षी विज्ञान शाखा हवी होती, त्या शाखेसाठी रसायनशास्त्रात पास होणे आले, आणि घोडे तिथेच पेंड खात होते. संयुजा म्हटले की पोरीच्या तोंडचे पाणी पळायचे. दोन चाचण्या हातच्या गेल्यावर रसायनशास्त्राच्या बाईंनी स्पष्टच सांगितले, की आता तिसरीही गेली तर मला तुझी शिफारस करता येणार नाही.

बाईंनी वर्गाला एक युक्तीही सांगितली होती. पत्त्यांएवढी कार्डे कापायची. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. प्रश्न बघायचा, उत्तर मोठ्याने म्हणायचे आणि मगच कार्ड उलटायचे.

कुजबुज्यांना ही युक्ती फारच आवडली. कंपनीत जुन्या जाहिरातींचे जाड पुठ्ठे पडून असत, ते त्यांनी आणले आणि स्वतःच्या हाताने सुबक कापले. नाटकाच्या संहिता उतरवून उतरवून त्यांचे अक्षर मोत्यांसारखे झाले होते. ठमी म्हणाली, "बाबा, मी लिहिते ना." ते म्हणाले, "तू पाठ कर. लिहायचं माझ्यावर सोड." सगळी कार्डे त्यांनीच लिहिली. बायकोने एक उचलून पाहिले आणि म्हणाली, "छान. परीक्षेला तुम्हीच बसणार वाटतं."

रोज संध्याकाळी, प्रयोगाला निघण्यापूर्वी, कार्डांची तालीम चाले. ठमी पलंगावर मांडी घालून बसे आणि कुजबुजे खुर्ची तिरकी करून.

"मोरचूद."

"मोरचूद म्हणजे..." ठमीचे डोळे त्यांच्या तोंडाकडे जात. कुजबुज्यांची हनुवटी किंचित पुढे येई, ओठ गोल होत. "कॉपर सल्फेट."

"शाब्बास. कॅल्शियमची संयुजा?"

कुजबुज्यांच्या जिभेचे टोक दातांना टेकले. "दोन."

"आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की?"

"उ... उदासीनीकरण."

त्यातला पहिला 'उ' कोणाचा होता, हे नंतर दोघांनाही सांगता आले नसते. यात लबाडी कोणाचीच नव्हती. आपण ओठ हलवतो हे कुजबुज्यांना माहीत नव्हते, आणि आपण ओठ वाचतो हे ठमीला. पोरगी अडते आहे असे दिसले की त्यांचा जीव कासावीस होई आणि तोंड आपले काम करून मोकळे होई. चार दिवसांत ठमी सगळी कार्डे पाणी प्यायल्यासारखी म्हणू लागली. नाट्यगृहात मेकअपच्या खोलीत कुजबुज्यांनी ज्याला त्याला गाठून सांगितले, "आमची ठमी म्हणजे आता चालती प्रयोगशाळा आहे."

चालती प्रयोगशाळा तिसऱ्या चाचणीत साफ आपटली. निम्म्याहून अधिक प्रश्नांची जागा कोरी होती.

घरी आल्यावर ती रडली नाही, त्याचीच कुजबुज्यांना जास्त भीती वाटली. दप्तर न काढताच ती दारात बसून राहिली. "सगळे प्रश्न आपलेच होते, बाबा. आपल्या कार्डांतलेच. पण काही येईचना. मी सारखी वर बघत होते."

"कशाकडे?"

"माहीत नाही. बाईंनी विचारलंसुद्धा, वर काय लिहिलंय का म्हणून."

कुजबुज्यांचा पारा चढला. घरी एक कार्ड न चुकणारी पोर शाळेतच कशी चुकते? म्हणजे दोष शाळेचाच. दुसऱ्या दिवशी ते ठमीला आणि कार्डांच्या गठ्ठ्याला घेऊन शाळेत गेले. बाई प्रयोगशाळेत नळ्या धुवून ठेवत होत्या. कुजबुजे म्हणाले, "तुम्हीच विचारून बघा. सगळं येतं तिला. तुमच्या पेपरातच काहीतरी गडबड आहे."

बाईंनी हात पुसले, गठ्ठ्याच्या मधूनच एक कार्ड काढले आणि ठमीला समोर बसवले. कुजबुजे तिच्या मागे उभे राहिले. "धुण्याचा सोडा म्हणजे काय?" असे विचारून बाई नुसत्या थांबल्या. मदत नाही, घाई नाही, काही नाही. ठमीने बाईंच्या तोंडाकडे पाहिले. तिथे काहीच नव्हते. मग ती हळूच मान वळवून मागे बघू लागली, आणि बाईंची नजरही तिच्याबरोबर वर गेली. कुजबुज्यांचे ओठ 'सोडियम'च्या 'सो'वर येऊन थांबले होते.

"असं आहे होय," बाई म्हणाल्या. त्या चिडल्या नाहीत, ते बरे की वाईट हे कुजबुज्यांना कळेना. "आठवायला वेळ लागतो, दादा. त्या वेळातच ते पक्कं होतं. तिचा तो वेळ तुम्ही खाताय."

लेखी चाचणी पुन्हा घेता येत नव्हती, पण पुढच्या सोमवारी शाळा सुटल्यावर बाई तोंडी घेणार होत्या. दहा कार्डे, त्यांतली सात यायला हवीत. ही सवलत शेवटची.

त्या रात्रीच्या प्रयोगात नायकाचा हात नेहमीच्या जागी बटणाकडे गेला. कुजबुज्यांनी शब्द सरकवला, नायकाने तो झेलला, टाळी घेतली. गेली कित्येक वर्षे हाच प्रवेश, हेच वाक्य आणि हाच अडखळा. या माणसाला संवाद कधी पाठ झालेच नाहीत, कुजबुज्यांच्या मनात आले, त्याला मी पाठ झालोय. एरवी या गोष्टीचा त्यांना अभिमान वाटला असता. त्या दिवशी मात्र तो वाटला नाही. नायकाचे काय, त्याला जन्मभर विंगेत कोणी ना कोणी मिळेल. ठमी उद्या नळी हातात धरून उभी राहील तेव्हा तिच्या विंगेत कोण असणार?

घरी त्यांनी मूग गिळून गप्प बसायचा पण केला. ओठांवर हात ठेवला, तर भुवया बोलू लागल्या. भिंतीकडे तोंड केले, तर बरोबर उत्तराच्या आधी त्यांचा श्वास थांबे आणि चूक निघाली की खुर्ची करकरे. ठमीला तेवढेही पुरत होते. शेवटी बायकोने गठ्ठा त्यांच्या हातून काढून घेतला.

"तुम्ही बाहेर जाऊन बसा."

"मी काही बोललो का?"

"खोकलात."

"खोकला आला म्हणून खोकलो."

"बरोबर उत्तरालाच कसा येतो तो?"

ते जिन्यात जाऊन बसले. आत बायको डेपोतला चेहरा लावून एकेक कार्ड वाचत होती. बरोबर आले तरी तोच चेहरा, चुकले तरी तोच. मध्ये मध्ये एवढा वेळ काहीच ऐकू येत नसे, की कुजबुजे कठडा घट्ट धरून ठेवत. पहिल्या दिवशी निम्मी कार्डे चुकली. ठमीने ती चुकलेली वेगळी काढली आणि स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरात नव्याने लिहिली. बापाची मोत्यांसारखी कार्डे तिने फाडून टाकली नाहीत, पण कपाटावर ठेवून दिली. मग गठ्ठ्याचे तीन भाग झाले: न येणारी रोज, अर्धवट येणारी एक दिवसाआड आणि येणारी आठवड्याच्या शेवटी. रोज ती पत्ते पिसावेत तशी पिसून घ्यायची, कारण क्रमसुद्धा चुगली करतो हे तिला आता कळले होते. आई डेपोत कामावर असली की ती एकटीच भिंतीशी बसून स्वतःला विचारी आणि थांबे. जिन्यात बसलेल्या माणसाला हे थांबणे सोसत नव्हते. सगळी उत्तरे त्यांना येत होती आणि लेकीला द्यायला त्यांच्याकडे दुसरे काहीच नव्हते. याचे त्यांना वाईट वाटे. फार वाईट वाटे.

सोमवारी ते तिच्याबरोबर शाळेत गेले. "या, पण आत येऊ नका," ती म्हणाली. प्रयोगशाळेच्या बाहेर बाकडे होते. त्याच्या वरची खिडकी अर्धवट उघडी होती आणि आतले सगळे ऐकू येत होते. कुजबुज्यांनी तिथून उठायला हवे होते. ते उठले नाहीत.

ठमी सावकाश उत्तरे देत होती. थांबत होती, चुकत होती, पुढे जात होती. आठ कार्डे झाली तेव्हा सहा बरोबर आली होती आणि दोन चुकली होती.

"लोखंडी खिळा मोरचुदाच्या द्रावणात ठेवला," बाई म्हणाल्या. "कोणत्या प्रकारची अभिक्रिया होईल?"

शांतता. आत बाई थांबल्या होत्या, ठमी थांबली होती. कुजबुजे कधी उभे राहिले हे त्यांचे त्यांनाच कळले नाही. खड्डा रुंद होत गेला. बाईंच्या डाव्या हाताला खिडकी, खिडकीसमोर ठमीचा उजवा कान, मधले अंतर त्यांच्या रोजच्या विंगेपेक्षाही कमी. त्यांनी ठरवून काही केले नाही. शब्द आपोआप सुटला, "विस्थापन," आणि जिथे जायचा तिथेच गेला. बाईंनी मान हलवली नाही, त्यांना काही ऐकू आलेच नव्हते.

ठमीची मान मात्र किंचित ताठ झाली. कुजबुज्यांना ते दिसले.

"बाई," ती म्हणाली, "हे मला येत नाही. पुढचं विचारा."

आता उरलेले एकच कार्ड, आणि तेही अडले की सगळे संपले. बाईंनी दहावे कार्ड उचलून प्रश्न विचारला. पुन्हा शांतता पडली. त्यांच्या छातीत हवा भरू लागली, ओठ सुटू लागले. त्यांनी खिडकीकडे पाठ फिरवली आणि अंगण ओलांडून पार टोकाच्या नळापाशी गेले. नळ पूर्ण सोडला आणि त्याच्या आवाजात उभे राहिले. पाणी पायांवर उडत होते. आत काय झाले ते त्यांना ऐकू आले नाही. आपल्याला ऐकू येत नाही आहे, एवढेच ते स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत राहिले.

बऱ्याच वेळाने ठमी आली आणि तिने हात पुढे करून नळ बंद केला. तिचा चेहरा थेट आईसारखा होता. कुजबुज्यांनी तो वाचायचा प्रयत्न केला, पण काही हाती लागेना.

"सात झाली," ती म्हणाली.

त्यांनी खाली मान घातली. डोळे भरून आले होते.

"नववं मला ऐकू आलं होतं, बाबा."

फाटकापर्यंत दोघे शेजारी शेजारी चालत गेले. तिथे ती थांबली.

"मी प्रयोगशाळेत लागले ना, की तुम्ही मला भेटायला येऊ नका हं," ती म्हणाली. ती हसत नव्हती. मग जरा वेळाने तिने त्यांची ओली बाही धरली, आणि रस्ता ओलांडला तरी सोडली नाही.