भवानीपुरता चेहरा

पनवेलच्या आम्हा फरशीवाल्यांची एक संघटना आहे. टेम्पोवाल्यांशी वर्षभराचं भाडं ठरवायला ती दरवर्षी एक माणूस निवडते. यंदा ती जागा मला हवी होती. भाव करण्यात माझा हात धरणारा त्यांच्यात कोणी नाही, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे.

मी देखणी आहे. हे लिहायला मला लाज वाटत नाही, कारण त्याचा त्रासही मीच भोगला आहे. पहिली नोकरी फरशीच्याच दुकानात होती. शेठ मला सकाळी गल्ल्यावर बसवायचा. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, माझ्या हातून झाली की म्हणायचा, "ऊठ आता, धंद्याची वेळ झाली." त्याचं दुकान कधीच बंद पडलं. माझं चालू आहे.

मागच्या उन्हाळ्यात कर्नाळ्याच्या बाजूला इमारत बांधणारा एक बिल्डर माझ्याकडे आला. बघत माझ्याकडे होता, बोलत माझ्या मॅनेजरशी. मध्येच त्याने माझ्यासमोरच साइटवर फोन लावला. "परवापर्यंत फरशी आली नाही तर मिस्त्री गावाला पळतील. कसंही करून थांबव त्यांना." समोर पुरुष मालक असता तर हा फोन करायला तो रस्त्यावर गेला असता. त्याने फोन ठेवला, मी भाव सांगितला, आणि संध्याकाळपर्यंत एक रुपया खाली आले नाही. माल उतरवायची हमालीसुद्धा त्याच्याच माथी मारली.

निवडीच्या सभेत मी हाच सौदा सांगितला. एक जुने व्यापारी म्हणाले, "वहिनी, तुम्ही नुसत्या हसलात तरी बिल्डर अख्खी बिल्डिंग लिहून देईल. टेम्पोवाले तसे नाहीत हो."

"मी हसले नव्हते, काका."

"तेच म्हणतोय मी. न हसता एवढं, मग हसलात तर काय होईल?"

सगळे हसले. माझ्याबरोबर आलेला मॅनेजरही हसला. तो फोन त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

सौदा फसला असता तर हेच लोक म्हणाले असते, दिसायला छान, पण डोक्याच्या नावाने बोंब. जमला, तर तो चेहऱ्याने जमवला.

जागा काकांच्या पुतण्याला मिळाली. स्वतःच्या लग्नात मंडपवाल्याने सांगितलेला पहिलाच आकडा मान्य करणारा हा गडी. वर अध्यक्ष म्हणाले, "पाहुण्यांना पुष्पगुच्छ वहिनींच्या हस्ते देऊ या."

"पुतण्याला द्यायला सांगा," मी म्हटलं. "देण्यात त्याचा हात सढळ आहे." आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी मी एकटी टेम्पो स्टँडवर गेले आणि माझ्या मालापुरतं भाडं ठरवून आले. पुतण्याने नंतर ठरवलेल्या भाड्यापेक्षा ते बरंच कमी आहे, एवढं बाजारात कळलंय. आता काकांचा निरोप येतो: वहिनी, एकदा सगळ्यांसाठी बोला ना, सगळ्यांचं भलं होईल.

सगळ्यांसाठी बोलायला त्यांनी माणूस निवडला आहे. वर्ष संपेपर्यंत त्याने ठरवलेल्या भाड्यानेच त्यांनी माल उचलावा.