सुपडूआबांच्या विहिरीचे चाळीस फूट

लीलाधरनानांना नशिराबादच्या आसपास सगळे ‘फूटवाले नाना’ म्हणत. पाण्याच्या सरकारी कचेरीत त्यांची नोकरी. एकाच नाल्याच्या खोऱ्यातल्या अकरा विहिरी वर्षातून चारदा मोजायच्या. टेपला खडू चोळायचा, टेप विहिरीत सोडायची, खडू जिथवर भिजला तिथून पाण्याची खोली काढायची. यात अक्कल ती काय लागते, असं कुणी म्हटलंच, तर नाना त्याला उगमापासून अख्खं खोरं तोंडपाठ ऐकवत आणि बिचाऱ्याची बस चुकवत.

नव्वद साल उजाडलं तशा केळी वाढल्या, विहिरींवरच्या मोटारी वाढल्या. दर मे महिन्यात दहा विहिरींचं पाणी आणखी खाली जाई. अकरावी मात्र चाळीस फुटांवर ठाम! ती सुपडूआबांची. आबा म्हणजे नानांचे व्याही. नानांची लेक बेबाबाई त्यांच्या घरात दिलेली. कचेरीतल्या साहेबांना वाटलं, जवळच्या बंधाऱ्याची ही करामत; त्या भरवशावर ते अख्खं खोरं सुरक्षित धरत. नानांनी तर ती विहीर गावोगाव मिरवली.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात नाना नातवाच्या जावळाला गेले. मोजणीची तारीख दहा, जावळ चार तारखेला. वरण-बट्टीचा बेत होता. हातपाय धुवायला नाना मळ्यातल्या विहिरीवर गेले, सवयीनं वाकून पाहिलं, तर पाणी कुठल्या कुठे खाली! मोटार नुसती घरघरत होती.

टेप पिशवीत होतीच. नाना ती लग्नातही नेत. खडू नव्हता म्हणून त्यांनी बट्टीचं कोरडं पीठ मागून आणलं, टेपला चोळलं आणि नव्या कोऱ्या धोतरासकट काठावर पालथे पडले. अठ्ठावन्न फूट.

“व्याही, आज पाहुने म्हनून आले का सरकार म्हनून?” मागे आबा उभे होते.

“आबा, हे काय?”

“तुम्ही दहा तारखीले नऊच्या बसनं येता. आम्ही सात तारखीपासून आजूबाजूच्या बठ्ठ्या, एकूनएक मोटारी बंद ठेवतो. पानी वर येतं. तुम्ही खुश, साहेब खुश.”

“पन काऊन?”

“पानी आटलं म्हनून खोरं लाल यादीत गेलं का नव्या इहिरीले मंजुरी नाही. तुमच्याच जावयाचा अर्ज हाये ना हाफिसात!”

तीन वर्षं हा खोटा आकडा नानांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिला होता. राग आला, पण लाज त्याहून जास्त वाटली. बेबाबाई मळ्यातल्या घराच्या ओट्यावरून पाहत होती. खरा आकडा लिहिला तर तिच्याच घरची नवी विहीर अडणार होती.

“आबा,” ते शेवटी म्हणाले, “या तीन वर्सांत नाल्याच्या वरच्या अंगाले नव्या इहिरी किती झाल्या?”

आबा बोटांवर मोजू लागले. “निंबाची. भिकनच्या दोन. उखर्डूची...” सातव्या बोटाशी ते थांबले.

“त्या तुमच्या चाळीस फुटांवर पास झाल्या. आन् आता कोनाचं पानी पिऊन राह्यल्या?”

जेवताना आबांनी नानांना एका बट्टीचाही आग्रह केला नाही. खानदेशात पाहुण्याला आग्रह न करणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणंच. बाप आणि सासरा यांच्यात लेकीचं काय होईल, या विचारात नाना अर्ध्या ताटावरून उठले.

दहा तारखेला ते बसमधून उतरले आणि पाय ओढतच मळ्याकडे निघाले. बांधावर पोचले तोच कानावर घरघर आली. एक नाही, शेजारपाजारच्या सगळ्या मोटारी चालू होत्या. आबा विहिरीच्या काठावर वाट पाहत होते. टेप आबांनी स्वतः सोडली.

“किती?” आबांनी विचारलं.

“साठ.”

“लिहा. चांगलं ठसठशीत लिहा.”

नानांनी लिहिलं. इतका वाईट आकडा लिहिताना इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता. तेवढ्यात आबांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांच्या हातात ठेवला.

“हा बी साहेबाले द्या. पोरानं इहिरीचा अर्ज वापस घेतला. सही त्याची हाये, पन चार दिवस मागे लागून घेतली ती तुमच्या बेबानं.”