निवांतनगरच्या समासात

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, मडकी आणि केरसुण्या विकणाऱ्या बायकांच्या पलीकडे, सगुण परब जुनी पुस्तकं मांडून बसायचा. माणसं त्याच्या लेखी दोनच प्रकारची होती. वाचत नाहीत ती मूर्ख, आणि वाचून शहाणे झालो म्हणतात ती त्याहून मूर्ख. स्वतः तो सातवीपर्यंत शिकला होता आणि आपण तिसऱ्या प्रकारचे आहोत अशी त्याची खात्री होती.

हा स्वभाव त्याला छापखान्यात जडला. तरुणपणी तो पेडण्याहून रोज बसनं म्हापशाला यायचा आणि एका छापखान्यात पुस्तकं बांधायचा. भाषेची चळवळ पेटली तेव्हा त्या छापखान्यात सकाळी कोंकणीवाल्यांची पत्रकं निघत आणि दुपारी मराठीवाल्यांची. दोन्हीकडचे पुढारी येऊन मालकाच्या पाठीवर थाप मारत. दोन्ही पत्रकांत 'मायभाषा' हा शब्द एकाच ठळक टाइपात असायचा, कारण मालकाकडे ठळक टाइप एकच होता. गठ्ठे बांधता बांधता सगुण दोन्ही वाचायचा आणि दोन्हींना नाक मुरडायचा. पुढे गोवा राज्य झालं, मिरवणुकीची पत्रकंही तिथंच छापली गेली, आणि वर्षभरात मालकानं छापखाना मोडून पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. सगुणच्या वाट्याला न खपलेली पुस्तकं आली. ती घेऊन तो बाजारात बसला.

त्याच सुमारास अकरावीला पूरक वाचन म्हणून 'निवांतनगर' नावाची कादंबरी लागली. लेखक प्राध्यापक शिवदास धारगळकर. मूळचे पेडणे तालुक्यातले, राहायला पणजीत, सभेत सदैव व्यासपीठावर.

वर्ष संपलं तशी पोरांनी विकलेली पुस्तकं सगुणकडे यायला लागली. एका रणरणत्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून त्यानं ती कादंबरी वाचली. निवांतनगरात कुणी भांडत नाही, बाजारात भावही करत नाही. साऱ्या गावाचा स्वयंपाक एका मुदपाकखान्यात होतो. सगळ्यांना काम, सगळ्यांना घर. प्रश्न विचारायचा तो वर्षातून एकाच दिवशी, आणि सगळे सुखात असल्यामुळे त्या दिवशीही कुणी विचारत नाही. मग वसुधा नावाची मुलगी उभी राहून विचारते, "नदीच्या पलीकडे काय आहे?" दुसऱ्या दिवशी तिचं घर रिकामं. शेजारी म्हणतात, इथं कधी कोणी राहतच नव्हतं.

"शंभर माणसां बाजारात जातत आणि एकूय भाव करणा नाय?" सगुणनं घरी आल्यावर बायकोला, गंगाला सांगितलं. "हो मनीस जल्मात म्हापशाच्या बाजारात इलो नाय."

जुन्या पुस्तकांना कव्हरं घालणं आणि पेन्सिलीची लिखापढी खोडरबरानं पुसणं हे गंगाचं काम होतं. 'निवांतनगर'चा गठ्ठा मांडीवर घेऊन तिनं पुसायला सुरुवात केली आणि थोड्या वेळानं रबर बाजूला ठेवलं.

"अवो, ह्या पुसूक नको. पुस्तकापेक्षा ह्याच बरा आसा."

सगुणनं डोकावून पाहिलं. समासांत पोरांनी मनातलं लिहून ठेवलं होतं. मुदपाकखान्याच्या वर्णनाशेजारी एकीनं लिहिलं होतं, 'माझ्या आईला उद्याच पाठवा.' सगळ्यांना काम मिळतं तिथं दुसऱ्याच्या अक्षरात, 'वशिल्याशिवाय? लेखक थापाडा आहे.' वसुधा प्रश्न विचारायला उठते त्या पानावर तर गर्दीच होती. 'हिला गप्प बसायला काय झालं होतं?' 'नदीपलीकडे काय असणार, दुसरा तालुका.' त्याखाली तिसऱ्या कुणीतरी, 'आणि तिथेही हेच पुस्तक लागलं असणार.' शेवटच्या पानावर लेखकानं पहाट आणली होती. तिथं फक्त 'सुटलो' एवढंच होतं.

सगुण हसला. बऱ्याच वर्षांनी त्याला कुणाचं तरी लिहिणं पटलं होतं.

पुढच्या जूनपासून त्यानं पोरांनी लिहिलेल्या प्रती वेगळ्या ठेवल्या. पोरांमध्ये ही बातमी मास्तरांच्या नोट्सपेक्षा लवकर पसरली. पेडण्याची, हरमलची, डिचोलीची पोरं यायची आणि कोरी प्रत बाजूला सारून "लिहिलेली द्या" म्हणायची. वाचून झाल्यावर आपली भर घालून परत आणून विकायची. काही जण तर विकतही घेत नसत. तिथंच उकिडवे बसून चार ओळी वाचायचे, एक लिहायचे आणि बस पकडायचे. सगुण त्यांच्यावर खेकसायचा, पण पेन्सिल पुढं सरकवायचा.

या पोरांत पाळी गावची साक्षी होती. तिची आई दर शुक्रवारी अळसांद्यांचं, म्हणजे गावठी चवळीचं, पोतं घेऊन बाजारात बसायची आणि कॉलेजातून सुटलेली साक्षी आईचा माल संपेपर्यंत सगुणच्या ताडपत्रीखाली येऊन टेकायची. पाळीचा रस्ता खनिजाच्या ट्रकांचा. मुलीची वेणी, दप्तर, चपला, सगळ्यांवर तांबडी धूळ. सगुण तिला म्हणायचा, "पुस्तकाक हात लावच्या आदी हात झाड." ती हात झाडायची आणि वाचायला घ्यायची. तीही काही लिहिते हे त्याला ठाऊक नव्हतं.

दोन वर्षं असं चाललं. मग एका शुक्रवारी प्राध्यापक धारगळकर स्वतः बाजारात आले. खादीचा झब्बा, सोबत पिशवी धरलेला एक विद्यार्थी. खरेदी मानकुराद आंब्यांची होती, पण जाता जाता त्यांना आपलं पुस्तक दिसलं. त्यांनी ते कौतुकानं उचललं, मधूनच उघडलं आणि उभ्या उभ्या त्यांचा चेहरा उतरत गेला.

"अरे ए, हे काय आहे?"

"पुस्तक," सगुण म्हणाला.

"ही विटंबना आहे. साहित्याची विटंबना! आणि तू हे विकतोस?"

"कोरां कोण घेणा नाय, सायबा. लिहिलेलां जाता."

सोबतचा विद्यार्थी हसू दाबायला आंब्यांकडे बघू लागला. प्राध्यापकांनी त्याला गाडीकडे पाठवलं. मग त्यांनी दुसरी प्रत घेतली, तिसरी घेतली. रागानं पानं उलटता उलटता एका जागी ते थांबले. ती चार ओळींची नोंद त्यांनी दोनदा वाचली. वर पाहिलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

"तुमचं नाव काय म्हणालात?"

"सगुण परब."

"सगुणबाब, चला, चहा घेऊ."

समोरच्या हॉटेलात त्यांनी सगुणला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. भाजी आणि पावाचे गरम उंडे मागवले. तुमच्यासारखी माणसं खरी वाङ्मयसेवा करतात, असं ते म्हणाले. पुढच्या आवृत्तीत तुमचा उल्लेख करीन, असंही म्हणाले. अभ्यासासाठी या प्रती न्यायच्या आहेत, काम झालं की परत पाठवतो. एरवी असल्या माणसाला सगुणनं दोन शब्दांत उडवून लावलं असतं. पण त्याला आजवर आदरानं 'बाब' म्हणून कुणी हाक मारली नव्हती. लिहिलेल्या सगळ्या प्रती त्यानं स्वतःच्या हातानं सुतळीत बांधल्या आणि गाडीपर्यंत नेऊन दिल्या.

रात्री गंगाला सांगताना तो म्हणाला, "मनीस वायट नाय."

"तुमका उंडे दिले म्हणान?" गंगानं विचारलं.

जूनमध्ये दुसरी आवृत्ती निघाली. गुळगुळीत मुखपृष्ठ, आणि आतल्या पानावर एका खाण कंपनीचे आभार. सगुणच्या उल्लेखाचा पत्ता नव्हता. प्रस्तावनेत लेखकानं लिहिलं होतं की तरुण पिढीनं हे पुस्तक अश्रूंनी भिजवलं आहे. खाली चौकटीत एक अभिप्राय: 'निवांतनगर वाचून माझे डोळे उघडले. आमचे शेजारी गेले तेव्हा मी प्रश्न विचारला नाही. आता मी वसुधा होईन. — ग्रामीण भागातील एक विद्यार्थिनी.'

साक्षी बारावीला गेली होती. शुक्रवारी येऊन तिनं ती प्रत उघडली, चौकट वाचली आणि पुस्तक धाडकन मिटलं.

"काका, हे माझं वाक्य न्हय."

"तुजां कसलां वाक्य?"

"मी लिहिलं होतं. जुन्या प्रतीत, घर रिकामं होतं त्या पानावर. आमच्या शेजारचं घर असंच गेलं. खाणीवाल्यांनी जागा घेतली. ते कुठे गेले ते कोणी विचारलं नाही, आम्हीसुद्धा नाही. त्यांच्या परसातली फुलं चवथीला आम्हीच तोडली. एवढंच होतं. डोळे उघडले कुठून आलं? माझे डोळे उघडेच होते. ह्याचं पुस्तक वाचताना मिटत होते ते वेगळं. आणि खाण खंय गेली?"

सगुणनं चौकट पुन्हा वाचली. खाण नव्हती. फुलं नव्हती.

"माझी प्रत द्या," साक्षी म्हणाली. "मास्तरांना दाखवते."

"नाय."

"विकली?"

"तेका दिली. सगळ्यो दिल्यो."

"फुकट? का?"

जगातल्या प्रत्येकाच्या मूर्खपणाला सगुणकडे शब्द होता. स्वतःच्या मूर्खपणाला तो शोधू लागला. शेवटी खरं तेच तोंडातून निघालं. "माका सगुणबाब म्हणालो तो."

साक्षीनं त्याच्याकडे जे बघितलं, तसं तो आजवर इतरांकडे बघत आला होता. ती आईकडे निघून गेली.

सोमवारी सगुण बसनं पणजीला गेला. आयुष्यात कुणाच्या दारात काही मागायला न गेलेला माणूस. पत्ता विचारत विचारत प्राध्यापकांच्या बंगल्याशी पोचला. त्यांनी त्याला व्हरांड्यातच उभं केलं. ओळखायला वेळ लावला.

"त्या प्रती? अहो, घराला रंग दिला तेव्हा माळा साफ झाला. गेल्या असतील त्यात."

"चेडवाचां वाक्य बदललास तुमी."

"संस्कार केला. कच्च्या अनुभवाला आकार द्यावा लागतो. तिला उलट अभिमान वाटायला हवा."

"आणि खाण?"

"तो तपशील अनावश्यक होता." प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं. "तुम्ही पुस्तकं विकता, परब. ती लिहिण्याचं आमच्यावर सोडा."

सगुण पायऱ्या उतरला. बसमध्ये त्याला संताप आला तो धारगळकरांचा कमी आणि स्वतःचा जास्त. तो माणूस काही नवीन वागला नव्हता. छापखान्यात असल्यांच्या गठ्ठ्यांना रोज सुतळी बांधली होती आणि तरी दोन उंड्यांवर आपण भुललो, हे त्याच्या घशाखाली उतरेना.

शुक्रवारी साक्षी त्याच्याकडे आली नाही, आईजवळच बसून राहिली. तेव्हा दुकान मडकीवाल्या बाईच्या हवाली करून तोच तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"तुजी प्रत गेली. तेणां उडयली. चूक माजी." एवढं बोलायला त्याला फार वेळ लागला. "माज्याकडे नव्या आवृत्तीच्यो अकरा प्रती आसत. त्याच पानार परत लिही. शाईन लिही."

"मग त्या कोण घेणार?"

"नाय घेतल्यो तर नाय."

साक्षीनं आईकडे बघितलं. आई अळसांदे पाखडत होती. ती वर न बघता म्हणाली, "लिहितलीस तर नांवां घाल. नांवां नाय तर कोणाक कळतलां?"

ताडपत्रीखाली बसून साक्षीनं अकराही प्रतींत लिहिलं. आधी प्रस्तावनेतली चौकट आडवी रेघ मारून खोडली, शेजारी लिहिलं, 'हे माझं नाही.' मग रिकाम्या घराचं पान काढून या खेपेला सविस्तर लिहिलं. शेजाऱ्यांचं नाव महादेव माजिक, बायको चंद्रावती, दोन मुलगे. खाणीवाल्यांनी घर घेतलं ते साल. परसातल्या अबोलीचं. आणि शेवटी, 'हे कुठे राहतात ते कोणाला माहीत असेल तर या पुस्तकाच्या दुकानात सांगावं.'

प्रती गेल्या. पोरांनी त्याच्याखालीही आपलं लिहायला सुरुवात केली, आणि त्यातलं बरंचसं टवाळीचं होतं. 'दुकानात सांगावं म्हणे, हे पोस्ट ऑफिस आहे काय?' साक्षीनं ते वाचलं आणि खांदे उडवले. प्राध्यापकांच्या कानावरही गोष्ट गेली असावी, कारण एका साप्ताहिकात त्यांनी बाजारू अभिरुचीवर लेख लिहिला. सगुणनं तो अर्धा वाचला आणि उरलेल्यात गंगानं सुके बांगडे बांधले.

दिवाळी झाल्यावर हरमलचा एक पोरगा स्कूटर लावून दुकानाशी आला. त्याच्या घरी पर्यटकांना खोल्या भाड्यानं द्यायचे. त्या कामात मन लागत नाही म्हणून त्यानं कादंबरी विकत घेतली होती. "कादंबरी टाकाऊ आहे," तो म्हणाला, "पण हा महादेव माजिक माझ्या मावशीच्या वाडीत राहतो. वाळपईला. दोघंच. पोरगे कामाला बाहेर."

साक्षी त्या वेळी तिथंच होती. ती उठून आईकडे गेली. सगुणला वाटलं, आता आई म्हणेल, इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडानं जायचं. आईनं तसंच म्हटलंही. मग पदराला हात पुसले, पोत्याचं तोंड वळवलं आणि पोतं ओढत सगुणच्या ताडपत्रीखाली आणून ठेवलं.

"हें इतलां विकशात? वाळपईची बस आता सुटता."

"माका अळसांद्यातलां काय कळता?" सगुण खेकसला.

पण मायलेकी बस स्टँडच्या दिशेनं चालू लागल्या होत्या. सगुणनं पुस्तकं थोडी मागं सारली आणि पोतं उघडलं. लगेच एक बाई येऊन ओंजळीत अळसांदे घेऊन निरखू लागली. दाणा बारीक आहे, म्हणाली.

"बारीक नाय, तुजे डोळे मोठे आसत," सगुण म्हणाला. "घेतलीस तर घे."

तिनं भाव केलाच. त्यानंही तो कमी केला नाही.