घरगुती वापरातलं कार्ड

गेल्या वर्षी माझ्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड गेलं. आधी स्क्रीनवर हिरवे ठिपके आले, मग उभे पट्टे, आणि एका रविवारी सकाळी ऐन घाटातल्या वळणावर गाडी असताना सगळं काळं झालं. गाडी म्हणजे गेममधली. मी चाळिशी ओलांडलेली, आयटीत नोकरी करणारी, एका मुलीची आई, आणि तरी गेम खेळते, हे कळलं की लोक माझ्याकडे अशा नजरेने बघतात की जणू मी बाल्कनीत गांजा लावलाय. मी अकोल्याची. कॉलेजात असल्यापासून खेळते. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा साड्यांच्या बॅगेबरोबर कॉम्प्युटरचं धूडही आलं, आणि ते उतरवून घ्यायला सासरेच खाली आले होते.

सासरे आमच्याबरोबर बिबवेवाडीत राहतात. बँकेतून निवृत्त झालेत. गेममधलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण कसलीही खरेदी म्हटली की ते चपला घालून तयार असतात. नवरा तेव्हा कामासाठी बंगळुरूला होता, त्यामुळे कार्ड शोधायच्या सगळ्या फेऱ्यांना माझ्याबरोबर तेच होते.

मला हवं होतं ते साधंच होतं. माझी स्क्रीन काही मोठी नाही. तिच्यावर आताचे आणि पुढच्या चार-पाच वर्षांतले गेम न अडखळता चालावेत, आणि न लागणाऱ्या ताकदीचे पैसे मोजायला लागू नयेत, एवढंच. आठवडाभर मी व्हिडिओ बघितले. तोंडाचा आ वासून, कार्ड गालाला लावून काढलेले फोटो. ‘हे चुकूनही घेऊ नका’ म्हणून किंचाळणारा माणूस पुढच्या महिन्यात त्याच कार्डाची आरती करत होता, कारण ते आता कंपनीने त्याला फुकट पाठवलं होतं. आणि सगळ्यात किळसवाणी गोष्ट म्हणजे एकाच नावाची दोन-दोन कार्डं. खोकं तेच, चित्र तेच, नावही अक्षरशः तेच. फक्त एकात मेमरी कमी आणि आतली चिपही अशक्त. फरक लिहिलेला कुठे, तर तळाच्या कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात. कुणीतरी चांगला पगार घेऊन, एसीत बसून, ही फसवणूक ठरवून केली असणार, हे माझ्या डोक्यातून जाईना.

पहिल्या दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“बोला काका, नातवासाठी का?”

“मला विचारू नका,” सासरे म्हणाले. “मी पिशवी धरायला आलोय. गिऱ्हाईक ही आहे.”

“अच्छा, मॅडम, मुलासाठी! बजेट सांगा ना फक्त, बाकी मी बघतो.”

मी मॉडेलचं नाव सांगितलं आणि मेमरी किती हवी तेही सांगितलं. त्याने एक खोकं काउंटरवर ठेवलं. मी ते उलटं करून कोपरा वाचला.

“यात मेमरी कमी आहे. मी जास्तवालं मागितलं.”

“काही फरक पडत नाही हो मॅडम. मेमरीबिमरी सगळं मार्केटिंग असतं.”

“मग मार्केटिंगचे पैसे कमी करा.”

तो हसला. आत जाऊन मला हवं ते खोकं घेऊन आला, आणि त्याच्या शेजारी आणखी एक खोकं ठेवलं. “हे सुटं देत नाही आम्ही. बरोबर हा पॉवर सप्लाय घ्यावा लागतो.” कॉम्प्युटरला वीज पुरवणारा तो ठोकळा मी उचलून बघितला. कधी न ऐकलेलं नाव, आणि रिकाम्या डब्यासारखा हलका. असल्या सप्लायवर मी दिव्याची माळसुद्धा लावली नसती.

“हा घरी नेऊन करायचं काय?” सासऱ्यांनी विचारलं.

“असू द्या काका. कधीतरी लागतो.”

“मग तुम्हालाच लागेल. इथेच राहू दे.”

आणखी दोन दुकानांत थोड्याफार फरकाने हेच घडलं. एकाने तर मी बोलत असताना मान हलवत सगळी उत्तरं सासऱ्यांना दिली. घरी येताना माझं तोंड कडू झालं होतं. तेव्हा मी ठरवलं, वापरलेलं घेऊ. जाहिरात सापडली विश्रांतवाडीची. ‘घरगुती वापर. नव्यासारखं.’

दार उघडल्याबरोबर आतून गरम वाफ आली. सिगारेट, गुटखा आणि तापलेलं प्लास्टिक यांची मिळून एक वाफ. विकणारा तिशीचा, गुळगुळीत बोलणारा माणूस होता. बाहेरच्या खोलीत सोफ्याऐवजी लोखंडी मांडणी, आणि तिच्यावर एकसारखी बरीच कार्डं रचून ठेवलेली. आमच्या आधीच एक मुलगी तिथे खुर्चीवर बसली होती. यवतमाळकडची. बोलण्यावरून मला लगेच कळलं, आणि तिलाही माझं कळलं. वाघोलीच्या कॉलेजात ॲनिमेशन शिकत होती. कॉलेजचं काम आणि गेम दोन्ही चालेल असं कार्ड तिला हवं होतं.

विकणाऱ्याने कार्ड लावून एक चाचणी चालवून दाखवली. आकडे चांगले आले. “बघा मॅडम, एकदम मक्खन.”

“आता बंद करून हातात द्या,” मी म्हटलं.

“हातात कशाला? चालतंय ना?”

“द्या.”

त्याने नाइलाजाने दिलं. ते चिकट होतं. धूळ नव्हे, धूळ मी समजू शकते. पिवळट, मधासारखा ओढला जाणारा थर पंख्यांवर बसला होता. बोटांना निकोटिनचा वास लागला. मी मोबाइलचा टॉर्च पंख्यांमागच्या धातूच्या पात्यांमध्ये मारला, आणि तिथे झुरळं होती. मेलेली, भाजून वाळलेली, पाय पात्यांत अडकलेले. लहान होती, बहुतेक पिल्लं. मी कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं.

“हे घरगुती?” मी विचारलं. “कुणाच्या घरी?”

त्याने खांदे उडवले. “गेमिंग पार्लर होतं आमचं. बंद केलं. पोरं खेळायची, सिगरेटी ओढायची, आता मी काय करू? आत कोण बघतं एवढं? कॉम्प्युटरमध्ये बसवलं की झालं.”

सासऱ्यांनीही कार्डाला बोट लावून बघितलं होतं, ते तोवर हात धुवायला बेसिन शोधत गेले होते. तिथून परत आले ते हात तसेच पुढे धरून. “हात धुवायच्या आधी बेसिन धुवावं लागेल,” ते म्हणाले.

मी त्या मुलीकडे वळले. तिला पात्यांमधलं दाखवलं. ही कार्डं सकाळपासून रात्रीपर्यंत तापत राहिली आहेत, पंखे कधीही जातील, बिल नाही, हमी नाही, हे सगळं नीट सांगितलं. माणूस चिडला. “मॅडम, तुम्हाला घ्यायचं नसेल तर जा. माझं गिऱ्हाईक तोडू नका.”

सासरे रिकाम्या खुर्चीवर बसले. “तोडत नाही हो. ती फक्त झुरळं दाखवतीये. ती तुमचीच आहेत ना?”

मुलगी कार्डाकडे बघत होती. मग विकणाऱ्याने किंमत आणखी खाली आणली, आणि ती उठली. “ताई, तुम्ही नवीन घेऊन घ्याल. मला एवढ्यातच भागवायचं आहे.” तिने माझ्यासमोर पैसे दिले, आणि निघताना माझा नंबर मागून घेतला. खाली उतरताना मी कुणावर चिडले होते ते मलाच कळेना.

मी शेवटी आमच्याच भागातल्या एका लहान दुकानातून मागच्या पिढीचं नवं कार्ड घेतलं. ताकद बेताची, पण मेमरी भरपूर. दुकानदार एवढंच म्हणाला, “सुटं मिळेल, बिल मिळेल. खोकं फोडलंत तर परत घेणार नाही.” इतक्या फेऱ्यांनंतर हे मला सौजन्य वाटलं.

महिन्याभराने त्या मुलीचा फोन आला. कार्ड तापून बंद पडतंय, आणि तापलं की खोलीत वास सुटतो. “ताई, तुम्ही बघाल का?” कार्ड उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ती घरी आली. आम्ही बाल्कनीत वर्तमानपत्र अंथरलं. स्क्रू काढून कार्ड उघडलं. मी जुना दात घासायचा ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पातं घासत होते आणि कागदावर झुरळांचे पाय, पंख, अंड्यांची टरफलं पडत होती. वासाने माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं. सासरे नाकाला रुमाल बांधून टॉर्च धरून उभे होते. “तुमच्या कॉलेजात हा विषय आहे का?” त्यांनी तिला विचारलं. ती हसली. चिपवर तिला थंड ठेवणारी नवी पेस्ट लावली, पंख्यांत तेलाचा थेंब सोडला, आणि कार्ड चाललं. तिने पोहे खाल्ले, मोबाइलवर फोटो काढले, मला मिठी मारली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसमधल्या सहकाऱ्याला स्वस्तातलं कार्ड हवं होतं म्हणून मी जाहिराती चाळत होते. एका फोटोवर थांबले. आमची बाल्कनी, आमचं वर्तमानपत्र, आणि कोपऱ्यात माझ्या बांगड्यांसकट माझा हात. खाली लिहिलं होतं, ‘एकाच मुलीने जपून वापरलेलं. कंपनीतून सर्व्हिस केलेलं.’ किंमत तिने दिली होती त्याच्या जवळजवळ दुप्पट.

मी तिला मेसेज केला. निदान ते पार्लरमधलं आहे एवढं तरी लिही, म्हटलं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. “ताई, असं लिहिल्यावर कोण घेईल? मला चांगलं घ्यायचं आहे. मी फसली तेव्हा कोणी भरून दिलं का?” मी पुन्हा लिहिलं, तर तो मेसेज पोचलाच नाही. तिने मला ब्लॉक केलं होतं. मी जाहिरातीची तक्रार केली. जाहिरात गेली, आणि दुसऱ्या दिवशी परत आली. फोटो तोच होता, माझा हात तेवढा कापलेला.

मी तो फोटो सासऱ्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून, बोटांनी मोठा करून, बराच वेळ बघितला.

“लखलखतंय की,” ते म्हणाले. “आपण फार नीट घासलं.”

मला हसू आलं नाही. त्यांनाही आलेलं नव्हतं. त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला आणि आत जाऊन साबणाने हात धुतले, नुसता फोटो बघितला होता तरी.