वाटीवरचं नाव

भांडी पुसताना आज एका वाटीवर बोट थांबलं. माझ्या लग्नात शेजारच्या काकूंनी दिलेली वाटी. काकू कधीच्या गेल्या, नाव अजून आहे. आमच्याकडे एवढीशी वाटी दिली तरी नाव घालून देतात हो.

माझी लेक मीनल व्हिडिओ गेममधली झाडं काढायची. आमच्या परसातला शेवगा तिनं हुबेहूब त्यात उभा केला. गेम पुरा होत आला आणि कंपनीनं तिच्यासकट निम्म्या लोकांना घरी बसवलं. तिच्या मैत्रिणींचेही वर्षभर असेच फोन. आज हिची नोकरी गेली, उद्या तिची.

परवा तो गेम बाजारात आला. मीनलनं तो शेवटपर्यंत खेळून दाखवला. मग बनवणाऱ्यांची नावं वर सरकायला लागली. मी चष्मा लावला.

"आई, शोधू नकोस. आधीच कामावरून काढलेल्यांची नावं घालत नाहीत."

"अगं, शेवगा ठेवलाय की तुझा!"

"शेवगा त्यांचा झाला."

ऑफिसातल्या मांजराचं नाव मात्र होतं.

आज शेवग्याची आमटी केली. काकूंच्या वाटीतच मीनलला वाढली. तिनं शेंगा तेवढ्या न चोखताच बाजूला काढून ठेवल्या.