बंडोपंतांच्या हाताचा गुण

पिंपळधरीच्या दवाखान्यात प्रेमदासला कामाचं फार समाधान आहे, असं सगळे म्हणत. म्हणजे एक प्रेमदास सोडून सगळे.

प्रेमदास तिथला ड्रेसर. वर्ध्याहून सात कोसांवरचं हे गाव. कुणाच्या टाचेत काटा मोडो, कुणाच्या मांडीवर गळू होवो, पू काढायचा, धुवायचं, पट्टी बांधायची, ती प्रेमदासनं. गळू ठसठसायला लागलं की माणसं मोठी उदार होतात! एरवी त्याला दहा हात लांबून हाक मारणारी मंडळी धोतर वर करून त्याच्यापुढे आडवी पडायची. "प्रेमदास, जरा हळू रे बाप्पा!" पट्टी झाली की घरी जाऊन आंघोळ. जखमेवर पाणी घेऊ नका, असं तो कानीकपाळी ओरडायचा, पण विटाळापुढे जखमेची काय मातब्बरी? मग जखम चिघळायची, आणि पुन्हा प्रेमदास.

प्यायचं औषध मात्र त्याच्या हातचं चालत नसे. त्यात पाणी असतं ना!

ते खातं कंपाउंडर बंडोपंतांचं. काळी टोपी घालून ते खिडकीत बसायचे आणि बाटल्या द्यायचे. बाटलीला खाचा पाडलेली कागदाची पट्टी, एक खाच म्हणजे एक डोस. दवाखाना कमिटीचे अध्यक्ष किसनराव जुनाट पोटदुखीचे धनी. ते तर पंतांवर जीव टाकायचे. "नागपूरचे डाक्टर झाले, वर्ध्याचे झाले. पण बंडोपंताच्या हाताले जो गुण हाय ना, तो कोनाच्या हाताले नाई!"

आता गंमत ऐका. पंतांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. औंसाच्या ग्लासावरच्या रेघा त्यांना पाच वर्षांपासून दिसत नव्हत्या. कळलं तर नोकरी जाणार, आणि घरात मुलगी शरयू लग्नाची. म्हणून खिडकीमागे मांजरपाटाचा पडदा लावलेला. पडद्यामागे प्रेमदास माठातलं पाणी घ्यायचा, औषध मोजायचा, हलवायचा, खाचा कापायचा आणि बाटली हळूच पुढे सरकवायचा. पंत ती खिडकीतून द्यायचे. सगळं गाव गटागटा प्यायचं आणि पंतांच्या हाताला दुवा द्यायचं.

सत्तावन्न साली पंतांची निवृत्ती आली. प्रेमदास आदल्या वर्षी नागपूरला दीक्षा घेऊन आला होता, आणि यंदा तिथेच कंपाउंडरची परीक्षाही पास झाला होता. जागा याचीच, असं डॉक्टरसाहेब म्हणाले. कमिटी बसली. किसनराव अगदी कळवळून बोलले, "मानूस हुशार हाय, आपलं काई म्हननं नाई. पन लोक त्याच्या हातचं पेतीन काय? ड्रेसरच्या कामात त्याले समाधान हाय, ते काऊन हिसकून घेता?"

प्रेमदासचं डोकं सणकलं. तो तडक पडद्यामागे आला. "पंतजी, तुमी एक शब्द सांगा ना त्याइले."

"अरे, मी बोललो तर माझं पेन्शन जाईल. शरयूचं आता कुठे जमतंय," पंत खालच्या आवाजात म्हणाले. "आणि बाबा, कामाचं समाधान हीच खरी कमाई."

"मंग ते समाधान तुमी घेऊन जा, अन् जागा मले द्या!"



निरोप समारंभ दवाखान्याच्या अंगणात झाला. सतरंजी, हार, नारळ, सगळं यथासांग. भाषण करता करता किसनरावांना भरून आलं. "पंत, जाता जाता आमच्या डोयासमोर, तुमच्या हातानं येक बाटली होऊन जाऊ द्या!" टाळ्या पडल्या. टेबल आलं, बाटल्या आल्या. नको नको म्हणायलाही पंतांना वेळ मिळाला नाही.

पंतांनी ग्लास धरला. त्यांना हवा होता वेलदोड्याचा अर्क, पण चाचपडत त्यांनी उचललं जखमेवरचं आयोडीन. प्रेमदास भिंतीला टेकून उभा होता. त्याला दिसलं. पिऊ दे किसनरावांना, असं त्याला वाटलं. खरंच वाटलं. कळू दे म्हाताऱ्याला हाताचा गुण! पण पाच वर्षं त्यानं त्या पोटाची काळजी वाहिली होती, मेलं ते सुटता सुटेना.

"पंतजी, थांबा!"

त्यानं ग्लास काढून घेतला, ओतून टाकला, धुतला. पाणी घेतलं, अर्क मोजला, सोडा टाकला, बाटली हलवली, कागद दुमडून कात्रीनं खाचा पाडल्या. सगळं इतकं सराईत, की बघणाऱ्यांना विचारायला काही उरलं नाही.

पंत मटकन खुर्चीत बसले. "किसनराव, मला दिसत नाही हो. पाच वर्षं हात प्रेमदासचेच होते."

आणि काय सांगावं, सगळ्या गावाला एकदम बहिरेपण आलं! ऐकलं म्हणावं, तर पाच वर्षं पोटात काय गेलं ते कबूल करा, आणि सोयऱ्यांना तोंड कसं दाखवा? त्यामुळे कुणी काही ऐकलंच नाही. पंतांचं पेन्शन सुरू झालं. डॉक्टरसाहेबांच्या शिफारशीवरून प्रेमदासच्या नेमणुकीचा हुकूम आला, तेव्हा तो विषय पुन्हा निघायला नको म्हणून विरोधालाही कुणी उठलं नाही.

पहिल्याच दिवशी प्रेमदासनं पडदा उतरवला, उकळून काढला आणि फाडून जखमांवर बांधायच्या पट्ट्या केल्या.

दोन दिवस खिडकीवर चिटपाखरू फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी किसनराव आले, पोट धरून, कण्हत. प्रेमदासनं त्यांच्यादेखत माठातलं पाणी घेतलं. जरा जास्तच सावकाश घेतलं. तेवढं समाधान त्याला आजवर कशातच मिळालं नव्हतं.

किसनरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पहिला डोस तिथेच तोंडाला लावला. डोळे मिटले. लांबलचक ढेकर आली.

"कसं वाटते, किसनरावजी?"

"बरं हाय," किसनराव ओठ पुसत म्हणाले. "पन बंडोपंताच्या हाताची सर नाई."

आणि पिशवीतून दुसरी रिकामी बाटली काढून त्यांनी खिडकीत ठेवली. "हे घरच्यांसाठी. भरून देजो."